आरशावरचा आकडा

कात्रीमामांच्या दुकानात दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि एक फळी. आता केस कापायच्या दुकानात फळीचं काय काम, असं ज्याला वाटेल त्यानं आयुष्यात कधी लहान पोराच्या डोक्याला कात्री लावलेली नाही, हे नक्की. मोठ्या खुर्चीत तीन वर्षांचं पोर बसवलं तर आरशात त्याचं टाळकंसुद्धा दिसत नाही. म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकायची, पोराला तिच्यावर चढवायचं, गळ्याभोवती कापड बांधायचं आणि मग जी काय लढाई व्हायची ती होऊ द्यायची. ही फळी मामांना त्यांच्या उस्तादांनी दिली होती. पोरांनी बसून बसून, घसरून घसरून ती मधोमध गुळगुळीत झाली होती.

उस्ताद म्हणजे एरवी तिरसट माणूस, गिऱ्हाइकाला सुद्धा दोन शब्द सुनावायला कमी करायचे नाहीत. पण पोर फळीवर आलं की आवाजच बदलायचा. "पोराचं डोकं हातानं धरायचं नसतं रे, बोलण्यानं धरायचं असतं," असं ते म्हणायचे. कापण्याआधी ते कात्री पोराच्या कानापासून वीतभर लांब, नुसतीच हवेत वाजवायचे. कच् कच् कच्. "ऐक बरं, काय म्हणतेय ती?" पोर ऐकायला लागलं की मान आपोआप थांबते. मामा हे सगळं शिकले, वीस वर्षं तसंच करत आले आणि त्यातूनच पोरांनी त्यांचं नाव कात्रीमामा पाडलं. खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी मामांनी एक युक्ती काढली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

झालं काय, की मामांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बायको कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर, सकाळी गेली की संध्याकाळी उगवायची. त्यामुळे पोरगी दिवसभर मामांच्या दुकानात. पोरगी कसली, भिंगरी! तेच नाव पडलं तिचं. पायाला म्हणून स्थिरता नाही. एकदा वस्तऱ्याचा ड्रॉवर उघडलान्, एकदा पावडरचा अख्खा डबा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओतलान्. मामांच्या नाकी नऊ आले. शेवटी एक दिवस त्यांनी एक जुना टॅब आणला, कार्टून लावलं आणि भिंगरीला फळीवर बसवून तो तिच्या हातात दिला. पोरगी अशी गप्प झाली की मामांनी दोनदा वळून बघितलं, आहे ना जागेवर म्हणून.

इथपर्यंत ठीक होतं. असं कुठल्या घरात होत नाही? पण मामा पडले कारागीर. त्यांच्या डोक्यात दुसराच किडा वळवळला. मानेवरचे केस कापायचे तर पोरानं मान खाली घालायला हवी, आणि पोर मान खाली कशाला घालेल? टॅब मात्र मांडीच्या उंचीवर ठेवला तर मान आपोआप खाली! मामांनी लोखंडी दांडी आणली, चार स्क्रू मारले आणि टॅब खुर्चीला बरोबर त्या उंचीवर बसवून टाकला. ना रडणं, ना हात-पाय झाडणं. आठ मिनिटांत पोर मोकळं. दाराशी पाटी लागली, 'इथे मुलं रडत नाहीत.' आया लांबून लांबून यायला लागल्या. मामा इतके खूश, की दुसऱ्या दुकानवाल्यांना बोलावून बोलावून ती उंची दाखवायचे.

उस्ताद तेव्हा हयात होते. एकदा आले, खुर्चीकडे बघितलं, म्हणाले, "पोर गप्प बसलंय, पण आहे कुठे?" मामांना वाटलं, म्हातारपण बोलतंय.

आता भिंगरी तेरा वर्षांची आहे, आणि भिंगरी हे नाव तिला आता कुणी चेष्टेनंही शोभेल असं म्हणणार नाही. शाळेतून आली की खोलीत, खोलीत गेली की फोन. एक लढाईचा खेळ होता, पाच जणींची टीम, आणि भिंगरी त्या टीमची म्होरकी. जेवायला बोलावलं की "दोन मिनिटं". त्या दोन मिनिटांत आमटी गार व्हायची, आईचं डोकं तापायचं. आधी मार्क घसरले, मग मैत्रिणी येईनाशा झाल्या, मग पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, बरोबर शाळेच्या वेळेला. आई-बाप कामावर गेले की दुखायचं थांबायचं.

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मामा एकटेच गेले. वर्गशिक्षिकेनं हजेरीचा तक्ता समोर सरकवला. एकतीस खाडे. बाई काही ओरडल्या नाहीत, उलट हळू आवाजात बोलल्या, त्यानं मामांना जास्तच कानकोंडं झालं. "परीक्षेला अजून महिनाभर शाळा आहे. आता रोज आली तर मी तिला बसवते. फार तर आणखी एखादा खाडा मी सांभाळून घेईन, त्यापुढे माझ्या हातात काही नाही. वर्ष जाईल. आणि वर्षाचं एक वेळ सोडा, अशी मुलगी एकदा मागे राहिली की शाळेत परत येतच नाही, हे मी बघितलंय."

मामांनी घरी येऊन फोन काढून घेतला आणि दुकानात वस्तऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला. भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं. ताटली फेकली, रडली, "तुम्ही माझे कुणी नाही" इथपर्यंत बोलून झालं. मामांना वाटलं, चला, औषध कडूच असतं, उतरेल गळ्याखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा जेवायला घरी निघाले आणि चष्मा दुकानातच राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. बघतात तर कुलूप उघडं, घरातली दुसरी किल्ली त्यातच. आत, लहान पोरांच्या खुर्चीत, कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलेलं. चेहरा आरशात दिसतच नव्हता, इतकी मान खाली. पण माना ओळखणं हा तर मामांचा धंदा. त्या मानेवरच्या डाव्या बाजूच्या भोवऱ्यावर त्यांनी तेरा वर्षं कात्री चालवली होती.

"भिंगरे!"

"दोन मिनिटं, बाबा. मॅच चालू आहे."

मामांनी टॅब बंद केला.

"काय केलंत! टीम हरली ना माझ्यामुळे!"

"शाळा?"

"पोट दुखत होतं."

"आणि हा टॅब तुझ्यासाठी ठेवलाय का मी? गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी आहे तो!"

"का?" भिंगरी म्हणाली. "ती पोरं कुणाचीच नाहीत का?"

मामा टॅबवर फडकं टाकायला गेले.

"घरी फोन घेतला की वाईट, आणि इथे तुम्हीच लावून द्यायचा? मला याच फळीवर बसवलंत ना तुम्ही? सगळ्यांना दाखवायचात, बघा माझी पोर कशी शहाणी बसलीय. मग? अजून शहाणीच बसलेय मी."

तेरा वर्षांची पोर, पण बोलली ते असं बोलली. मामांना राग यायला हवा होता. आलाही, पण तो भिंगरीपर्यंत पोचलाच नाही, वाटेतच परत फिरून त्यांच्यावरच आला. नऊ वर्षांत किती माना त्यांनी त्या उंचीवर वाकवल्या असतील? सगळा मोहल्ला त्यांच्याच हाताखालून गेलेला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि इथे तर समोर भिंतभर आरसा होता.

मामांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. एक, दोन, तीन. चौथा स्क्रू गंजला होता, त्याला तेल सोडून, दात-ओठ खाऊन फिरवावा लागला. दांडी खाली आली.

भिंगरी हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "दोन दिवस. रविवारी गर्दी झाली की परत लावाल."

"लावणार नाही."

"लावाल. तुम्हाला त्याच्याशिवाय येतच नाही."

हे मात्र मामांना झोंबलं. "पैज लाव!"

आणि इथे बघा, भिंगरी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसली. खेळणारी पोर ती, पैज म्हटल्यावर डोळे चमकले. "नियम काय?"

नियम तिनंच घातले, वकिलासारखे. शाळेचे उरलेले तीस दिवस. मामांनी कुठल्याही पोरासमोर पडदा ठेवायचा नाही. टॅब नाही, आईचा फोन नाही, कुणाचाच काही नाही. भिंगरीनं रोज शाळेत जायचं आणि खेळाला हात लावायचा नाही. मामा हरले तर फोन तिचा, शाळेत जायचं की नाही तेही तिनंच ठरवायचं, आणि मामांनी एक अक्षर बोलायचं नाही. ती हरली तर फोन कायमचा ड्रॉवरमध्ये. रोज सकाळी शाळेला जाताना तिनं आरशाच्या कोपऱ्यात मार्करनं दिवसाचा आकडा लिहायचा.

"कबूल?"

"कबूल."

संध्याकाळी हे ऐकून बायकोनं मामांची बिनपाण्यानं केली. "लेकीच्या वर्षावर पैज लावून आलात? बाप आहात की जुगारी? आणि हरलात म्हणजे?"

"हरणार नाही."

"मोठे आलेत! रविवारी कळेल."

आणि रविवारी कळलं. फळीवर जे पोर चढेल ते आधी खाली बघायचं, टॅबच्या जागेकडे. तिथे चार भोकं. मग वर आईकडे. मग भोकाड. दोन पोरं खुर्चीवरून उतरून पळाली, एकानं मामांच्या मनगटाला चावा घेतला. एका बाईनं विचारलं, "मामा, टॅब बिघडला का?"

"टॅब नाही हो, मी बिघडलो होतो. दुरुस्त होतोय."

तिला काही ते पटलं नाही. समोरच्या दुकानात दोन टॅब होते, तिथे ती रस्ता ओलांडून गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या. मामांना गिऱ्हाईक गेल्याचं दुःख झालंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. पोरगी खरं बोलली होती. त्यांना येत नव्हतं! वीस वर्षं ज्या हातांनी रडणारी, झोपाळू, तापट, खोडकर सगळी पोरं हाताळली, त्या हातांना आता हलणारं डोकं सोसवत नव्हतं. कात्री थांबायची, बिचकायची. तोंडाला गोष्ट सुचायची नाही. उस्तादांची आठवण येऊन मामा रविवारी दुपारी मोरीत तोंड धुता धुता रडले. हो, रडले. त्यात लाजायचं काय?

पण सोमवारी सकाळी भिंगरी दप्तर घेऊन आली, आरशावर आकडा लिहिला आणि म्हणाली, "अजून आहात?"

"आहे ना. तू?"

"मी पण."

तिचेही हाल कुत्रा खाईना, असं चाललं होतं. पहिला आठवडा ती कुणाशी धड बोलली नाही. डोकं दुखायचं, भाताचा घास गिळवायचा नाही, बोटं उगाच टेबलावर टकटक करत राहायची. आई जवळ गेली की फिसकन् अंगावर यायची. पण जायची. पाय ओढत, तोंड पाडून, पण शाळेत जायची. घरी एकटीनं बसलं की हात शिवशिवतात, म्हणून शाळा सुटली की दुकानातच येऊन बाकावर बसायची. म्हणायला मात्र, "तुम्ही लबाडी करताय का बघायला आलेय."

असंच एकदा एक पाच वर्षांची मुलगी फळीवर आली. उजवी बाजू झाली, आणि डाव्या बाजूला जाताच तिनं जे काही आरंभलं, त्यापुढे मामांनी हात टेकले. आधीच्या मामांनी तिच्यासमोर टॅब धरला असता. आता त्यांनी कापड सोडलं. "जा. उरलेले उद्या." मुलीची आई बघतच राहिली. अर्धं डोकं घेऊन मुलगी घरी गेली, एका बाजूला बॉबकट, एका बाजूला झाडी. रस्त्यावरची पोरं मागे लागली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी आली आणि फळीवर चढून म्हणाली, "हे पण कापा ना आता!" बाकावर बसलेली भिंगरी खो-खो हसत सुटली. किती महिन्यांनी हसली असेल? मामांनी ते आरशातून बघितलं आणि कात्री खाली ठेवून उगाचच कापड झटकत राहिले.

त्या दिवशी तिनंच सांगितलं, "बाबा, तुम्ही मागून जाता ना, ते चूक आहे."

"म्हणजे?"

"मागून येतो तो शत्रू असतो. खेळात पहिला नियम हाच. समोरून या, कात्री दाखवा, मग बाजूला जा. दिसणाऱ्याला कुणी घाबरत नाही."

मामांनी करून बघितलं. आणि काय सांगावं, उस्तादांनी जे बोलून शिकवलं होतं तेच हे, फक्त वाट वेगळी. पोरासमोर उकिडवं बसायचं, कात्री हवेत वाजवायची, "काय म्हणतेय ती?" विचारायचं, मग हळूच बाजूला. एक पोर म्हणालं, "ती म्हणते, भूक लागली." मामा म्हणाले, "मग तिला तुझे केस खायला देऊ?" पोरानं विचार केला आणि डोकं पुढे केलं. हात परत यायला लागला होता. गेलेली दोन-चार गिऱ्हाइकंही रस्ता ओलांडून परत आली. आरशावर अठरा झाले, एकोणीस झाले, वीस झाले.

आता बाविसाव्या दिवसाचं ऐका.

मोहल्ल्यात एक चार वर्षांचं पोर होतं, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. का म्हणायचे ते लांबूनही कळायचं. सकाळी अकराच्या सुमाराला त्याची आत्या त्याला घेऊन आली, घाईत. दुपारच्या गाडीनं परगावी जायचं, पोराचे केस डोळ्यांत गेलेले. मामांनी समोर बसून कात्री वाजवली. भोंगा कात्रीपेक्षा मोठ्यानं वाजला. गोष्ट सांगितली, ऐकली नाही. अर्धं डोकं झालं आणि कानामागे आल्यावर त्यानं असा हिसका दिला की कात्रीचं टोक मामांच्याच बोटात गेलं. रक्त आलं.

"राहू द्या, उरलेले आल्यावर," मामा म्हणाले.

"अहो, असं अर्धं ध्यान घेऊन जाऊ का मी?" आत्या कडाडली. आणि पर्स उघडून तिनं स्वतःचा फोन काढला, काहीतरी लावलं आणि भोंग्याच्या मांडीवर ठेवला.

नळ बंद करावा तसा भोंगा बंद झाला. मान खाली गेली, बरोबर त्याच उंचीवर.

मामांना थांबता आलं असतं. कात्री खाली ठेवून "फोन उचला" एवढं म्हणायचं होतं. पण बोट ठणकत होतं, कान किटले होते, बाई घड्याळाकडे बघत होती, आणि ती मान इतकी छान, इतकी स्थिर समोर आली होती. मामांनी कापलं. चार मिनिटं. आत्या "बघा, झालं की नाही?" म्हणाली आणि गेली.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. भिंगरी शाळेत होती. आरशाच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरातला बावीस मामांकडे बघत होता.

संध्याकाळी त्यांनी आधी बायकोला सांगितलं. तिला वाटलं, एवढंच?

"फोन तुम्ही लावला का? तिनं लावला. झालं तर मग."

"नियमात होतं. कुणाचाच नाही."

"आठ दिवस राहिलेत, अहो! फक्त आठ! गप्प बसा. परीक्षा होऊ दे, तिचं वर्ष वाचू दे, मग काय गळ्यात पाटी अडकवून सांगायचं ते सांगा." तिनं आतल्या दाराकडे बघितलं. "ती उद्यापासून शाळेत गेली नाही तर? मग काय करणार आपण?"

 ती चूक बोलत नव्हती. बाईंचा तक्ता त्यांच्याही डोळ्यांसमोर होता. शिवाय गप्प बसणं किती सोपं होतं! पण मामांना दुसरीही एक गोष्ट दिसत होती. रोज बाकावर बसून पोरगी त्यांच्यावर नजर ठेवायची, ती काही लबाडी पकडायला नव्हे. बाप टिकतो का, हे बघायला.

"वर्ष मलाही हवंय गं," मामा म्हणाले. "पण वर्षाच्या आधी ती हवीय. खोटं बोलून तिला शाळेत पाठवू, आणि मग? परत मी तिला गप्प बसवलेलीच ना?"

बायकोनं पदरात तोंड घातलं नाही की काही नाही. उठली आणि भांडी जोरात घासायला लागली.

जेवताना मामांनी सांगून टाकलं. भोंगा, आत्या, फोन, सगळं. "हरलो मी."

भिंगरीचा घास हातातच राहिला. "किती वेळ?"

"चार मिनिटं असतील."

"आणि मला कळलं नसतं?"

"नसतं."

तिनं घास ताटात परत ठेवला. मग तिनं हात पुढे केला. मामा उठले, चप्पल घातली, दुकानात जाऊन ड्रॉवर उघडून फोन घेऊन आले आणि त्या हातावर ठेवला. भिंगरी खोलीत गेली, दार लागलं. थोड्या वेळानं त्या खेळाचा ओळखीचा आवाज भिंतीतून आला. बायको म्हणाली, "झालं समाधान?" 

सकाळी भिंगरीचं दार बंदच. बायकोनं हाक मारायला तोंड उघडलं, मामांनी हात वर करून तिला थांबवलं. एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम होता. आयुष्यात इतकं जड मामांना दुसरं काही गेलं नसेल. त्यांनी दुकान उघडलं, झाडलं, झाडलेलंच परत झाडलं. आरशावर तसाच बावीस. शाळा भरायला वीस मिनिटं राहिली. पंधरा. समोरून गणवेशातली पोरं जात होती, मामा एकेकाची मान बघत होते. दहा मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी बघणं सोडलं आणि पाठ करून कात्री पुसत बसले.

"बाबा, फडकं द्या."

पाठीला दप्तर, केस न विंचरलेले, डोळे सुजलेले. तिनं फडकं घेतलं, आरशावरचा बावीस खसाखसा पुसला, मार्कर उघडला आणि लिहिलं, एक.

"अगं, एक कसला? तू जिंकलीस ना!"

"नवव्या दिवशी," भिंगरी आरशाकडेच बघत म्हणाली, "अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या फोनवर दोन मॅच खेळले. तुमच्या आधी मीच हरलेय. सांगितलं नाही."

मामांनी हातातली कात्री बाजूला ठेवली.

"आणि काल रात्री पण खेळले. मजा आली नाही असं मी म्हणणार नाही. आली." तिनं खिशातून फोन काढून वस्तऱ्यांच्या ड्रॉवरवर ठेवला. "पण तुम्ही सांगितलंत ना. मला कळलं नसतं, तरी सांगितलंत."

"शाळेचे मात्र आठच दिवस राहिलेत हां," मामांना एवढंच सुचलं.

"शाळा शाळेच्या जागी. पैज पहिल्यापासून. आणि नवीन नियम. जो हरेल त्यानं त्याच दिवशी सांगायचं." ती दारापर्यंत गेली, वळली. "कबूल?"

"कबूल," मामा म्हणाले, आणि शिवाय मानही हलवली.

भिंगरी पळाली. पळाली म्हणजे खरंच पळाली, दप्तर पाठीवर आपटत, रस्ता ओलांडून, पार कोपऱ्यापर्यंत. मामांनी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली फिरवली आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत फळी काढून खुर्चीवर टाकली.

परीक्षेला बसली का? बसली की. पास झाली, गणितात काठावर. भोंगाही आता समोरून गेलं की बसतो, रडत का होईना. आणि आरशावर आज कितीचा आकडा आहे ते विचारू नका, कारण मध्ये तो आणखी दोनदा पुसून परत एक झाला. एकदा तिच्यामुळे, एकदा मामांमुळे. दोन्ही वेळा ज्यानं त्यानं त्याच दिवशी सांगितलं.